२१ तारखेची जत्रा: क्योटोच्या कोबो-सानला पहिल्यांदा जाताना

जपान बघायला आलेले आपले लोक ओसाकाला माझ्याकडे उतरले, की हमखास एक प्रश्न येतो. "इथे काही फूड फेस्टिव्हल वगैरे असतो का हो? जिथे खाणंही होईल आणि त्यांची संस्कृतीही बघता येईल?" मी उलट एवढंच विचारतो, "२१ तारखेला कुठे आहात?" क्योटोत किंवा आसपास असाल तर दुसरीकडे कुठे शोधायची गरज नाही. त्या दिवशी तोजी देवळाच्या आवारात हजाराच्या आसपास दुकानं लागतात. क्योटोतली माणसं या बाजाराला 'कोबो-सान' म्हणतात. आपण 'खंडोबाला चाललोय' म्हणतो तसं तिथे 'कोबो-सानला चाललोय' म्हणतात.

ही जत्रा आहे हे डोक्यात ठेवलंत तर निम्मं काम झालं. प्रदर्शन म्हणून गेलात तर दुपारी उठून जाल, फोटो काढाल, गर्दीत चेंगराल आणि उपाशी परत याल. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं. दुपारी एकला पोचलो, खिशात १०,००० येनची एकच नोट आणि एक कार्ड. पहिल्या दुकानदाराने कार्डाकडे बघून मान हलवली, दुसऱ्याने नोटेकडे बघून. हातात काही पडेपर्यंत साडेतीन वाजले आणि लोक ताडपत्र्या गुंडाळायला लागले.

तारीख का महत्त्वाची

तोजी हे क्योटोतलं सर्वांत जुन्या देवळांपैकी एक. राजधानी इथे ७९४ मध्ये आली आणि दोन वर्षांनी देवळाचं काम सुरू झालं. ८२३ मध्ये सम्राट सागाने ते कुकाई नावाच्या भिक्षूच्या हवाली केलं. कुकाई म्हणजेच कोबो दाइशी. हे नाव त्यांना मृत्यूनंतर मिळालं. जपानमध्ये शिंगोन हा बौद्ध पंथ त्यांनी रुजवला, आणि सामान्य माणसाच्या मनात त्यांची जागा आपल्याकडच्या संतांसारखीच आहे. ८३५ सालच्या तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला ते गेले. म्हणून दर महिन्याची २१ तारीख त्यांची. वार कुठलाही असो, पाऊस असो, बाजार भरतोच.

डिसेंबरची २१ म्हणजे 'शिमाई-कोबो', वर्षातली शेवटची. नवीन वर्षासाठी दारावर बांधायचे गवताचे दोर, वाळवलेली पर्सिमोन फळं, मुळे-सलगम यांचे ढीग, आणि मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी. जानेवारीतली 'हात्सु-कोबो', पहिली. तीही तशीच तुडुंब. पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्य असेल तर हे दोन महिने टाळावेत. जुलै-ऑगस्टही सांगणार नाही, क्योटो डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागी आहे आणि तिथला उकाडा मुंबईकरालाही घाम फोडतो. मार्च, एप्रिल, ऑक्टोबर, नोव्हेंबर उत्तम.

२१ तारीख चुकली आणि तुम्हाला फक्त जुन्या वस्तूंत रस असेल, तर महिन्याच्या पहिल्या रविवारी याच आवारात 'गाराकुता-इची' भरतो. गाराकुता म्हणजे भंगार, अडगळ. पुण्याच्या जुन्या बाजारात रमणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. खाण्यापिण्याची आणि भक्तांची धमाल मात्र २१ लाच.

आदल्या रात्री

रोख पैसे काढून ठेवा. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये आपली आंतरराष्ट्रीय कार्डं बहुतेक चालतात. पण एटीएम मोठ्या नोटा देतं, म्हणून तिथेच एखादी पाण्याची बाटली घेऊन नोट मोडा. १,००० च्या नोटा आणि १०० ची नाणी जितकी जमतील तितकी बरी. ५ येनची नाणी वेगळी काढा. मध्ये भोक असलेलं हे पितळी नाणं, त्याला 'गो-एन' म्हणतात, आणि 'गोएन' याचाच दुसरा अर्थ ऋणानुबंध. म्हणून दानपेटीत ते टाकायची पद्धत.

बूट पटकन काढता-घालता येतील असे हवेत, कारण एका ठिकाणी ते काढायचे आहेत. बाकी आवारात खडी आहे, टाचांच्या चपला घरी ठेवा. पाठीवरच्या सॅकपेक्षा खांद्याची कापडी पिशवी चांगली. जुन्या चिनी मातीच्या मांडणीसमोर सॅक घेऊन गर्रकन वळलेला माणूस मी पाहिलाय, आणि नंतरचा तो आवाजही ऐकलाय. एक हातरुमाल घ्या, स्वच्छतागृहात हात पुसायला कागद असेलच असं नाही. आणि दोन रिकाम्या प्लॅस्टिक पिशव्या घ्याच. त्या कशाला, ते पुढे सांगतो.

शाकाहारी असाल तर दशम्या किंवा पोळीची गुंडाळी बरोबर असू द्या. खायला भरपूर मिळेल, पण पोटभरीचं शाकाहारी मिळेलच याची खात्री नाही.

जमल्यास आणखी एक गंमत करून बघा. जपानी हिरागाना अक्षरांचा तक्ता आठवडाभर आधी मोबाइलवर घ्या. क्रम बघा: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतंय ना? वाटायलाच हवं. बौद्ध ग्रंथांसाठी संस्कृत शिकलेल्या भिक्षूंमुळे आपल्या वर्णमालेचाच क्रम तिथे गेलाय. आपल्याला हा तक्ता बाकीच्यांपेक्षा लवकर पाठ होतो, आणि खाण्याच्या ठेल्यांवरची नावं बऱ्याचदा याच मोठ्या ठसठशीत अक्षरांत असतात.

पोचायचं कसं आणि किती वाजता

क्योटो स्टेशनच्या दक्षिणेकडच्या, म्हणजे हाचिजो बाजूच्या दारातून बाहेर पडलात की चालत पंधरा-वीस मिनिटं. किन्तेत्सु रेल्वेचं 'तोजी' नावाचंच स्टेशन आहे, तिथून दहाच मिनिटं. ओसाकाहून येणाऱ्यांना क्योटोपर्यंत जलद गाडीने अर्धा तास लागतो. टोकियोहून नोझोमी शिंकान्सेनने सव्वादोन तास, पण मग सकाळची मजा जाते. त्यांनी आदल्या दिवशीच मुक्कामाला यावं. मोठं सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका. नऊनंतर तेही रिकामे मिळत नाहीत.

रस्ता विचारायची वेळ सहसा येत नाही. पाच मजली लाकडी पॅगोडा लांबूनच दिसतो. साधारण ५५ मीटर उंच, जपानमधला सर्वांत उंच लाकडी मनोरा. चार वेळा जळला, दर वेळी उभा केला. आत्ताचा १६४४ सालचा आहे.

वेळ म्हणाल तर मी सकाळी सहाला पोचतो. अट्टल जुन्या वस्तूवाले त्याच्याही आधी विजेऱ्या घेऊन फिरत असतात. नवख्यांनी सात-साडेसातला पोचावं. कपडे, भांडी, रोपं तोवर मांडून होतात, खाण्याचे ठेले नऊ-दहाला तापतात. अकरा ते दोन निव्वळ ढकलाढकली. चारपर्यंत सगळं आवरतं.

आधी दर्शन

जत्रेतला आपला नियम इथेही पाळा, आधी देव, मग बाजार. आवार फुकट आहे. शिरताना दगडी हौद दिसेल. पळीने आधी डाव्या हातावर पाणी, मग उजव्या, मग ओंजळीत घेऊन चूळ, शेवटी पळीचा दांडा धुऊन ठेवायचा. पळीला तोंड लावायचं नाही.

नवखा माणूस हमखास चुकतो तो टाळ्यांत. टाळ्या वाजवायच्या त्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या देवस्थानात, जिथे लाल किंवा दगडी तोरणासारखी कमान असते तिथे. तोजी हे बौद्ध देऊळ, इथे फक्त हात जोडायचे. आपल्याला काही वेगळं शिकायचंच नाही. उदबत्त्यांच्या मोठ्या पात्राभोवती लोक धूर हाताने अंगावर ओढून घेताना दिसतील, आपण आरती घेतो तसा. दुखरा गुडघा असेल तर धूर गुडघ्यावर.

वायव्येकडचं मिएइ-दो चुकवू नका. कोबो दाइशी राहत होते ती ही जागा, आणि त्यांची १२३३ साली घडवलेली मूर्ती इथे आहे. रोज सकाळी सहा वाजता इथे त्यांना जेवण दाखवतात. ते अजून आहेत असंच धरून. सरळ शब्दांत नैवेद्य.

आईला घेऊन गेलो होतो तेव्हा आम्ही सहाच्या आत पोचलो. नोव्हेंबर होता, बोटं गारठलेली. बूट काढून आत चटईवर बसलो. शेजारी सत्तरीच्या पुढच्या पाच-सहा बायका, प्रत्येकीच्या मनगटात माळ. मंत्र सुरू झाला: 'नामु दाइशी हेन्जो कोंगो'. पुन्हा पुन्हा, एकाच लयीत. आईने माझ्या कानाशी विचारलं, "नामु म्हणजे नमो का रे?" मी हो म्हटलं. पुढच्या फेरीपासून ती 'नामु' तेवढं मोठ्याने म्हणायला लागली आणि बाकीचं गुणगुणत राहिली. उठताना शेजारच्या आजीबाईंनी तिच्या हातात खिशातली एक खडीसाखरेसारखी गोळी ठेवली.

देवळाच्या ताईतांवर आणि पूजेच्या लाकडी पट्ट्यांवर बारकाईने बघा. त्यांतली काही अक्षरं जपानी नाहीत. ती सिद्धम् लिपी, इथे तिला 'बोंजी' म्हणतात, म्हणजे ब्रह्माची अक्षरं. आपली देवनागरी आणि ही लिपी, दोघी एकाच ब्राह्मीच्या घरातल्या. एकेक अक्षर एकेका देवतेचं बीज: महावैरोचनाचं 'अ', अचलनाथाचं 'हां'. कुकाई ८०४ मध्ये चीनला गेले, तिथे प्रज्ञ नावाच्या भारतीय पंडिताकडे संस्कृत शिकले आणि ही विद्या घेऊन दोन वर्षांनी परतले. ताईत घ्यायचा तर अक्षर बघून घ्या, घरी नेऊन सांगायला गोष्ट मिळते.

कोंदो आणि कोदो या दोन मोठ्या वास्तूंना तिकीट आहे. काही शे येनचं. वेळ एकाच गोष्टीला असेल तर कोदोत जा. आत २१ मूर्तींचं मंडल मांडलंय, मध्ये महावैरोचन. एका टोकाला चार हंसांवर बसलेला चार तोंडांचा ब्रह्मदेव, जपानी नाव बोन्तेन. दुसऱ्या टोकाला हत्तीवर इंद्र, ताइशाकुतेन. याच्या देखणेपणावर जपानी मुली फिदा आहेत. आणखी एक सांगून ठेवतो, नाहीतर दचकाल: गोझान्झे नावाच्या उग्र देवतेच्या पायाखाली जी दोन माणसं दिसतात, ती महेश्वर आणि उमा. वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथात गोझान्झेची, म्हणजे त्रैलोक्यविजयाची, ही जुनी कथा आहे. आई दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "आपल्याकडे येऊन सांगू नकोस कुणाला." आत फोटो काढायला मनाई आहे.

मग बाजार

मांडणीला नकाशा नाही, आणि शोधूही नका. एक पूर्ण फेरी रिकाम्या हाताने मारा, मग घ्या. अपवाद एकच: जुनी वस्तू, जी एकच नग आहे आणि मनात भरली, ती तिथल्या तिथे घ्या. 'परत येतो' म्हणून गेलेला माणूस ते दुकानही शोधू शकत नाही.

वापरलेल्या किमोनोंचे ढीग सर्वांत मोहात पाडतात. पाटीवर ५०० किंवा १,००० येन, आणि आत चक्क रेशीम. घेण्याआधी उजेडात उलगडून काखेत आणि गळ्यापाशी डाग बघा, वास घ्या, दोन्ही हात पसरून बाहीची लांबी बघा. जुने किमोनो बुटक्या माणसांसाठी शिवलेले असतात. अंगावर घालून बघितलात तर डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे. उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात, आणि तुम्ही तसं नेसलात तर दुकानदारीण धावत येऊन दुरुस्त करेल. नेसायचा नसेल तर ओबी, म्हणजे कमरेचा तो रुंद पट्टा घ्या. चार मीटरच्या आसपासचं भारी विणकामाचं कापड असतं. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर आणि सोफ्याच्या पाठीवर आहे.

चिनी मातीत छोटे सरळ उभे पेले बघा, 'सोबाचोको'. मूळ नूडल्सचा रस ठेवायचे, आपल्या चहाला नेमके. नखाने हलकी टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर घ्या, बद्द आला तर तडा आहे.

घासाघीस? खाण्याच्या ठेल्यावर अजिबात नाही. जुन्या वस्तूंत हसतमुखाने, एकदा, थोडीशी. 'मोउ सुकोशी यासुकु नारिमासेन का?', म्हणजे थोडं कमी होईल का. आईला हे वाक्य काही जमेना. दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर ८०० दाबून दाखवले, तिने त्याच्या हातातून कॅल्क्युलेटर घेऊन ५०० दाबले. म्हातारा खो खो हसला. ७०० वर आला आणि पेल्याबरोबर एक कडा उडालेली बशी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. याला 'ओमाके' म्हणतात. भाजीवालीने पिशवीत वर टाकलेला कढीपत्ता. ओमाके मिळाला की घासाघीस संपली, पुढे ताणू नये.

लेखणीवाले, शाईवाले भरपूर असतात, कारण कुकाई हे सुलेखनाचेही गुरू. 'कोबो कुंचला निवडत बसत नाहीत' अशी जपानी म्हण आहे, आपल्या 'नाचता येईना अंगण वाकडं'ची मागची बाजू.

काय घेऊ नये तेही ऐका. हस्तिदंताच्या छोट्या कोरीव मूर्ती दिसतील. त्या भारतात आणता येत नाहीत, किंमत कितीही आकर्षक असली तरी हात आखडता घ्या. बोन्साय आणि रोपांच्या ठेल्यांवर जीव जडतो, पण वनस्पती तपासणीचा दाखला नसेल तर रोप विमानतळाच्या पुढे जाणार नाही. जुन्या तलवारी-सुऱ्यांच्या भानगडीत नवख्याने पडूच नये.

खाणं, विशेषतः शाकाहाऱ्यांचं

इथे थोडा वेळ थांबतो, कारण आपल्या लोकांची सर्वांत जास्त फजिती इथेच होते.

जपानी स्वयंपाकाचं मूळ 'दाशी' नावाच्या पाण्यात आहे. वाळवलेल्या-धुरावलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप, कात्सुओबुशी, आणि कोंबू हे समुद्री शेवाळ गरम पाण्यात ठेवून ते काढतात. ते सारात असतं, उकडलेल्या भाजीत असतं, पिठात असतं. विक्रेत्याला त्यात मासा आहे असं वाटतच नाही, जसं आपल्याला फोडणीत हिंग आहे हे वेगळं सांगावंसं वाटत नाही. म्हणून ताकोयाकीतून, म्हणजे ऑक्टोपस घातलेल्या पिठाच्या गोळ्यांतून, ऑक्टोपस काढायला सांगून उपयोग नाही, पीठच दाशीत कालवलेलं असतं. ओकोनोमियाकी हे कोबीचं जाडजूड धिरडं, दिसायला अगदी आपलं. त्याच्यावर गरम वाफेने हलणारे, जिवंत असल्यासारखे थरथरणारे जे कागदी तुकडे असतात, ते कात्सुओबुशी. इनारी, म्हणजे तोफूच्या पिशवीतला भातसुद्धा बहुधा दाशीत शिजलेला असतो.

दुसरा सापळा 'निकु' या शब्दाचा. निकु म्हणजे मांस, असं शिकून मी एका ठेल्यावर विचारलं, "निकु आहे का?" "नाही, नाही!" त्याने खरंच सांगितलं. निम्मं धिरडं खाल्ल्यावर दाताखाली सुक्या कोळंबीचं मिशीवालं डोकं आलं. कोळंबी निकु नव्हे, मासा निकु नव्हे, कधी कधी हॅमसुद्धा निकु नव्हे. तेव्हा असं म्हणा: 'निकु मो साकाना मो एबी मो ताबेरारेमासेन.' मांस, मासा, कोळंबी, काहीच खात नाही. आणि मग 'कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमास का?' अर्थ, दाशी घातलंय का. मोबाइलवर लिहून दाखवलंत तर आणखी बरं. गर्दीत उच्चार चुकतो.

निर्धास्त काय खाल? याकी-इमो, गरम दगडांवर भाजलेलं रताळं. साल सोलली की आत पिवळंधमक, मधासारखं पाघळणारं. एकादशीच्या रताळ्याचा हा श्रीमंत भाऊ. भाजलेली चेस्टनट. लोणी घातलेला उकडलेला बटाटा. साखरेच्या पाकातलं लाल सफरचंद. उन्हाळ्यात काकिगोरी, म्हणजे आपला बर्फाचा गोळा, फक्त काडीऐवजी वाटीत आणि किसलेला बर्फ कापसाहून मऊ. वाराबी-मोची, थरथरणाऱ्या वड्या, वर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. पिठाचा वास फुटाण्याच्या डाळीसारखा येतो. काडीवर ओवलेले मिताराशी दांगो, तांदळाच्या उकडीचे गोळे, वर गोड-खारट सोया पाक. ही तर क्योटोचीच देणगी. उकडीचे मोदक हाताखालून गेलेल्या माणसाला गोळ्याची परीक्षा एका चाव्यात करता येते. ताइयाकी माशाच्या आकाराची असते म्हणून घाबरू नका, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण आहे. पिठात अंडं असू शकतं, एवढंच.

थंडीत अमाझाके मिळतं, तांदळाचं दाटसर गोड पेय, खिरीकडे झुकणारं. यात दोन प्रकार: एक कोजी लावून आंबवलेल्या तांदळाचं, त्यात दारूचा अंश नसतो. दुसरं साकेच्या चोथ्याचं, त्यात थोडा असतो. लहान मुलं बरोबर असतील किंवा तुम्हाला वर्ज्य असेल तर 'कोमे-कोजी देस का?' विचारून घ्या.

मासे खाणाऱ्यांना वेगळी वाट दाखवायला नको, ताकोयाकी आणि भाजलेल्या स्क्विडचा वास त्यांना ओढून नेतो. मालवण-रत्नागिरीकडच्यांनी चिरिमेन-जाकोच्या टोपल्यांपाशी जरूर थांबावं. इवलेसे वाळवलेले मासे, क्योटोत ते सान्शो मिऱ्यांबरोबर मुरवतात. जवळ्याची आठवण येते, पण वास शहाण्यासारखा बेताचा.

क्योटोची लोणची बघितल्याशिवाय निघू नका. दुकानदार काडीवर टोचून चाखायला देतात. शिबाझुके: वांगं-काकडी लाल शिसोच्या पानांत, जांभळटगुलाबी, आंबट. सेन्माइझुके: मोठ्या सलगमच्या कागदासारख्या चकत्या, फक्त थंडीत. सुगुकी: आंबवलेलं सलगम, थेट आंबूस. तेल नाही, मोहरी नाही, तिखट नाही. आपल्या जिभेला पहिल्यांदा हे लोणचं वाटणारच नाही, आणि दहीभाताबरोबर खाल्लं की मग समजेल. यातही दाशी असू शकतं, विचारा. पिशवीवर 'थंड ठेवा' असेल तर भारतात नेण्याचा हट्ट नको.

आणि डोरायाकी. कार्टूनमुळे आपल्या पोरांना ठाऊक असलेला तो दोन चकत्यांमधला गोड. पण सासाया इओरी या १७१६ पासूनच्या मिठाईवाल्यांचा डोरायाकी वेगळा. दंडगोल, पातळ पापुद्र्यांत पुरण गुंडाळलेलं, वरून बांबूच्या पानाचं वेष्टन. तोजीच्या भिक्षूंसाठी देवळातल्या घंटेच्या तबकडीवर, म्हणजे 'दोरा'वर, भाजून तो सुरू झाला असं सांगतात. विकतात फक्त महिन्याच्या २०, २१ आणि २२ तारखेला. पानासकट सुरळीसारखा आडवा कापायचा.

ठेल्यावरच्या पदार्थांना आजकाल साधारण ५०० ते ८०० येन पडतात. पैसे हातात देण्याऐवजी समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे. चालता चालता खायचं नाही, ठेल्याच्या बाजूला सरकून उभ्याने संपवायचं. काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी अंत्यसंस्कारांतल्या आहेत.

आता त्या दोन पिशव्या. जपानमध्ये रस्त्यावर कचरापेटी शोधून सापडत नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याच्याच ठेल्याशी कागदी ताटली परत द्या, तो घेतो. बाकी कागद, काड्या, बाटल्या स्वतःच्या पिशवीत, थेट मुक्कामापर्यंत. दुसरी पिशवी बुटांसाठी किंवा लोणच्यासाठी, जे आधी लागेल त्याला.

दुपारी निघताना

दोनला पाय बोलायला लागतात. बसायला जागा फार नाही, तेव्हा पडेपर्यंत ताणू नका. देवळाचा शिक्का घ्यायचा असेल, 'गोशुइन', तर तो सकाळीच घ्यावा. दुपारी तिथे रांग वळसे घेते. त्यासाठीची घडीची वही देवळातच मिळते, आणि भिक्षू समोर बसून कुंचल्याने लिहून लाल ठसे उमटवतो. त्याचा फोटो काढण्याआधी विचारा.

हाताशी दुसरा दिवस असेल तर कोया पर्वत गाठा. ८१६ मध्ये कुकाईंनीच वसवलेलं ठिकाण, क्योटोहून ओसाकामार्गे रेल्वे आणि केबल कारने तीनेक तास. तिथल्या देवळांत मुक्कामाला राहता येतं, आणि जेवण 'शोजिन र्योरी', म्हणजे भिक्षूंचं पूर्ण शाकाहारी पान. आदल्या दिवशी रताळ्यांवर काढलेल्यांना ते स्वर्ग वाटतं. कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. देवदारांच्या गर्द सावलीच्या त्या गावात अचानक ओळखीचा चष्मा आणि कोट दिसतो.

आणि क्योटोतच चार दिवस असाल तर २५ तारखेला कितानो तेन्मान्गु या देवस्थानात दुसरी जत्रा भरते, 'तेन्जिन-सान'. ते शिंतो स्थान, तिथे टाळ्या वाजवायच्या. विद्येच्या देवाचं आहे, परीक्षेची पोरं गर्दी करतात. क्योटोच्या म्हाताऱ्या सांगतात, कोबो-सानला ऊन पडलं तर तेन्जिन-सानला पाऊस. माझे तीन दौरे बरोबर तसेच गेले, तेव्हा २१ ला आभाळ निरभ्र असेल तर परतताना स्टेशनवरून छत्री घेऊनच या.